ओटीवरची बंदूक कुठे ठेवावी?

(वाचकांचे प्रश्न या सदरात या वेळी घरातल्या परवानाधारक शस्त्रांबद्दलची तीन पत्रं घेतली आहेत. उत्तरं देणारे सैन्यातून शस्त्रदुरुस्तक म्हणून निवृत्त झालेले सुभेदार असून सध्या सातारा जिल्ह्यात राहतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.)

प्रश्न : आमचं घर कुडाळ तालुक्यात आहे. सासऱ्यांच्या नावावर शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आहे, परवाना चालू आहे. रानडुकरं आणि माकडं यांनी इतका उच्छाद मांडलाय की ती लागतेच. एरवी ती ओटीवर खुंटीला टांगलेली असते. चतुर्थीला मुंबईहून दीर-जावा मुलांना घेऊन येतात तेव्हा तेवढी माळ्यावर जाते. मोठा पुतण्या अकरा वर्षांचा आहे, माझी मुलगी सहा वर्षांची. तिजोरी घेऊया म्हटलं तर मामंजी म्हणतात, चाळीस वर्षं तिथेच आहे, काही झालं नाही. दुकानदाराने बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी दाखवली आहे. ती घ्यावी का? आणि मामंजींना समजवायचं कसं?

उत्तर : ताई, पेटीचं नंतर बघू. आधी मला सांगा, ती बंदूक या क्षणी ठासलेली आहे का?

हे मी मुद्दाम पहिलं विचारतोय. काडतुसाची बंदूक मधून दुमडून उघडली की नळीतून आरपार उजेड दिसतो, शंकेला जागा राहत नाही. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते. तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर बोळा दाबायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. रात्रभर राखण केली आणि डुक्कर आलंच नाही, तर आतलं सगळं बाहेर काढायची सोपी वाट नसते. मग माणूस ठिणगी पाडणारी टोपी तेवढी काढतो, तिच्यावर आपटणारा घोडा अलगद खाली सोडतो आणि बंदूक खुंटीला लावतो. त्याच्या लेखी ती रिकामी झाली. प्रत्यक्षात ती भरलेली आहे. कोरडी राहिलेली दारू वर्षानुवर्षं जिवंत राहते, आणि टोप्यांची डबी कुठल्या फडताळात असते हे अकरा वर्षांच्या पोराला मोठ्यांपेक्षा नीट ठाऊक असतं.

तपासायची रीत जुनी आणि खात्रीची आहे. हे काम मामंजींनीच करायचं, कारण परवाना त्यांचा. मुलं घरात नसताना, अंगणात, नळीचं तोंड माणसांपासून आणि स्वतःच्या चेहऱ्यापासून दूर धरून. टोपी नाही याची आधी खात्री करायची. मग ठासायचा गज हलक्या हाताने नळीत सोडायचा, टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची. गज बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर लावायचा, खूण तोंडाशी जुळवून. गजाचं टोक टोपी बसवायच्या जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत ऐवज आहे. तसं निघालं तर घरी खटपट करू नये. बंदूक मोकळ्या दिशेला तोंड करून मुलांपासून दूर कुलपात ठेवावी आणि परवानाधारक शस्त्रदुरुस्तकालाच घरी बोलवावं. भरलेली बंदूक एसटीत किंवा गाडीत घालून तालुक्याला नेणं हा त्याहून मोठा धोका.

हे झालं की मग पेटी.

ठशावरची पेटी घेऊ नका. दुकानदार वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही, पण ती वस्तू तुमच्या घराची नाही. शेतात राबणाऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानात आधारच्या यंत्रावर म्हाताऱ्या माणसांचा अंगठा किती वेळा पुसून पुसून लावावा लागतो ते तुम्ही पाहिलंच असेल. पावसात ओले हात, चिखल, काजूचा चीक, यात ते यंत्र ऐन वेळी दगा देतं. मग घरातली माणसं कंटाळून पेटी नुसती लोटून ठेवायला लागतात. त्यात समुद्राची खारी हवा. सेलची टोकं गंजायला कोकणात एक पावसाळा पुरतो.

याहून गंभीर गोष्ट अमेरिकेत घडली आहे. तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कंपनीच्या सुमारे ६१,००० ठसेवाल्या बंदूक-पेट्या परत मागवल्या. मालकाला वाटत होतं की पेटी आपल्याच बोटाने उघडते, प्रत्यक्षात ती न नोंदवलेल्या बोटांनीही उघडत होती. अशाच एका पेटीतून काढलेल्या बंदुकीने बारा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला, असा दावा तिथल्या एका खटल्यात आहे. अशी पेटी घेणारी माणसं बेफिकीर नव्हती, त्यांनी पैसे मोजून ती घेतली होती. म्हणून माझं सांगणं आहे की ज्या कुलपाचं काम तुम्हाला डोळ्यांनी दिसतं आणि हाताला कळतं, तेच घ्या. चांगलं सात लिव्हरचं किल्लीचं कुलूप. सेल नाही, वीज नाही, लक्षात ठेवायचे आकडे नाहीत.

आता माप. दुकानात दहा-दहा बंदुका मावतील अशा परदेशी धर्तीच्या अवजड तिजोऱ्या दाखवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. तेव्हा तो खर्च वाया. पण लांबी मात्र स्वतः मोजा. तीस इंची नळीची बारा बोर दुनळी सत्तेचाळीस इंचांच्या आसपास भरते, आणि ती नळी, पुढची पकड आणि दस्ता अशी तीन तुकड्यांत सुटते, म्हणजे आखूड पेटीतही मावते. ठासणीची बंदूक अशी सुटत नाही, आणि गावोगावच्या कारागिरांनी केलेल्या बंदुकांच्या नळ्या पुष्कळ लांब असतात. मापाची दोरी नको, मोजपट्टी लावा आणि वर एक वीतभर जागा सोडा.

कुडाळ-सावंतवाडीकडे गेट आणि ग्रिल करणारे चांगले फॅब्रिकेटर आहेत. माझ्या मते त्यांच्याकडून करून घेतलेली पेटी तयार मालापेक्षा तुमच्या उपयोगाची ठरेल. त्यांना काय सांगायचं ते लिहून घ्या. पत्रा तीन मिलिमीटरचा. घरातल्या साध्या लोखंडी कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरही नसतो, पहारीच्या एका हिसड्याला दार वाकतं. गेजमध्ये बोलणं झालं तर ध्यानात ठेवा, गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो. पुष्कळ लोक वीस गेज हे अठरा गेजपेक्षा दणकट समजून पैसे देऊन येतात. दीड मीटर उंच, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि पस्तीस खोल अशी पेटी तीन मिलिमीटर पत्र्यात केली की नुसत्या पत्र्याचंच वजन साठ किलोच्या घरात जातं. म्हणजे ती कुणी काखेत मारून नेणार नाही, पण दोन माणसं उचलू शकतात, म्हणून ती बांधावी लागणार. दाराला किल्ली फिरवली की वर, खाली आणि बाजूला असे तिन्हीकडे दांडे सरकले पाहिजेत. बिजागरीच्या बाजूला आतून एक स्थिर पट्टी जोडायला सांगा. दार बंद झालं की ती चौकटीत अडकते, मग बाहेरून कुणी बिजागरी कापली तरी दार निघत नाही. आत वरच्या बाजूला वेगळ्या कुलपाचा छोटा कप्पा हवा, तो टोप्यांसाठी.

बांधण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण कोकणातल्या घरांत इथेच चूक होते. तुमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची असणार. जांभा दगड मऊ आणि सच्छिद्र असतो. सिमेंट काँक्रीटसाठी केलेले पसरणारे बोल्ट त्यात ठोकले की भोक मोठं होत जातं आणि महिन्याभरात बोल्ट हाताने हलतो. तिथे दोनच उपाय चालतात. एक म्हणजे बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडे जाड लोखंडी पट्टीवर आवळायचा. दुसरा म्हणजे केमिकल अँकर, म्हणजे बोल्ट भोकात चिकटवून धरणारा रासायनिक मसाला, भोक नीट फुंकून धूळ काढून मगच भरलेला. खाली काँक्रीटचा कोबा असेल तर चारही बोल्ट जमिनीत घ्या, सगळ्यांत चांगलं. बोल्ट बारा मिलिमीटरचे, आणि त्यांची डोकी पेटीच्या आत. बाहेर डोकी ठेवली तर पाना लावून सोडवायला कितीसा वेळ लागतो?

जागा ओटीवर नको. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसता कामा नये. पाणी झिरपणारी पश्चिमेची भिंतही नको. आतल्या खोलीत, कोरड्या भिंतीला, जमिनीपासून चार-सहा इंच उंच चौथऱ्यावर. पेटीला आतून-बाहेरून रेड ऑक्साईड लावून मग रंग. आत मखमल किंवा लोकरीचं अस्तर लावायची हौस टाळा, ते दमटपणा धरून ठेवतं आणि जिथे नळी टेकते तिथेच तांबेरा येतो. रबरी फोमचे दोन खाचे पुरतात. आगीपासून वाचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतींत जो भराव असतो, तोही ओल धरतो. तुमच्या हवेत मी ती घेणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या दर पंधरवड्याला तव्यावर कोरड्या करून घ्या. बंदूक चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून पेटीत ठेवू नका. वापर झाला असेल तर आधी नळी धुऊन, कोरडी करून, तेलाची चिंदी फिरवा. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि एका रात्रीत लोखंड खाते.

आणि दारू स्वतः या पेटीत कधीही ठेवायची नाही. जाड पोलादात कोंडलेली काळी दारू ठिणगी लागली तर फुटते, आणि तो पत्राच तुकडे होऊन घरात उडतो. परवान्यात मंजूर असेल तेवढीच, मूळ डब्यात, कुलूपबंद लाकडी पेटीत, चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून लांब. ओल घालवायला काही जण पेटीत छोटा दिवा लावून ठेवतात. दारूजवळ तसलं काही नको.

किल्ली. एवढं सगळं करून किल्ली देवघरातल्या कोनाड्यात ठेवली तर पेटी केली काय नि न केली काय. मुलांना घरातल्या सगळ्या जागा ठाऊक असतात. मोठे जिथे लपवतात तिथेच ती खेळताना जातात. किल्ली मामंजींच्या करगोट्याला किंवा कमरेच्या पट्ट्याला, झोपतानाही. दुसरी किल्ली घरात नकोच, बँकेच्या लॉकरमध्ये त्यांच्या नावाच्या पाकिटात.

मामंजींना समजवण्याचा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत कठीण वाटतो. चाळीस वर्षं ज्यांनी बंदूक सांभाळली त्यांना तुम्ही निष्काळजी आहात असं सुनेने सुचवलं तर ते ऐकणार नाहीत आणि माझ्या मते त्यांनी वाईट वाटून घेतलं तर ते बरोबरच आहे. म्हणून धोक्यापासून सुरुवात करू नका, परवान्यापासून करा. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे, म्हणजे सरकारने शेतकऱ्यावर विश्वास टाकलेला आहे. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. ओटीवरून बंदूक कुणी नेली तर पोलीस ठाण्यात उत्तर त्यांनाच द्यायचं आहे, आणि परवान्याच्या अटी मोडणं हा कलम ३० खाली गुन्हा आहे. म्हातारपणी त्यांच्यावर ती वेळ येऊ नये असं तुम्हाला वाटतं, हे त्यांना सांगा. खोटं नाहीच ते.

माझ्याकडून त्यांना आणखी एक सांगा. पलटणीत शस्त्रं कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या कुलूपबंद खोलीत राहतात. जवानापासून साहेबापर्यंत ज्याला शस्त्र लागेल तो रजिस्टरवर सही करून नेतो, काम झालं की साफ करून परत जमा करतो, आणि कोतच्या दाराला साखळी-कुलूप असतं. ज्याला गोळी चालवता येते त्याचाच हा नियम आहे. माझं सारं आयुष्य त्या दारामागे गेलं. कुलपामुळे कुणाची शान कमी झालेली मी पाहिली नाही. आणि घरात असलेली पेटीची एकमेव किल्ली मामंजींच्या हाती असणार आहे. बंदूक त्यांचीच राहते, उलट आजपेक्षा जास्त.

जमलं तर त्यांच्या हयातीतच एक गोष्ट बोलून ठेवा. परवानाधारक गेला की वारसांना बंदूक घरात तशीच ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि ज्याला हवी त्याने स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो. त्या दुःखाच्या दिवसांत हे कुणाला आठवत नाही आणि दहाव्या-बाराव्याला जमलेल्या गर्दीत बंदूक खुंटीवरच राहते.

प्रश्न : माझं बार्शीत सराफी दुकान आहे. .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. राहायला फ्लॅट. रात्री उशाशी ठेवता येईल आणि क्षणात उघडेल अशी छोटी पेटी सुचवा. दुसरी किल्ली पत्नीकडे द्यावी असा विचार आहे, मी बाहेरगावी असताना तिला आधार. मुलगा सोळा वर्षांचा आहे, समजूतदार आहे.

उत्तर : आधी किल्लीचं. वहिनींच्या नावावर परवाना नसेल तर देऊ नका. ताबा म्हणजे वस्तू हातात असणं एवढंच कायदा मानत नाही. जाणीव आणि नियंत्रण असेल तर तोही ताबाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये शस्त्र कायद्याच्याच एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. किल्ली दिली म्हणजे तुम्ही नियंत्रण दिलंत. तुम्ही गावाला गेलात आणि घरात काही घडलं तर त्या अडचणीत येतील. आधार द्यायचा असेल तर सुरक्षादार, दाराला आतून आडणा, जिन्यात कॅमेरा, आणि ११२ हा क्रमांक त्यांच्या फोनवर एका बोटाने लागेल असा. बरेच दिवस बाहेर राहणार असाल तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

पेटी छोटी असली की तिचा एकच मोठा दोष असतो, ती अख्खी पिशवीत घालून नेता येते. म्हणून उशाशी सुटी पेटी नको. पलंगाशेजारचं कपाट भिंतीत पक्कं केलेलं असेल तर त्याच्या तळातून स्लॅबमध्ये दोन बोल्ट. फ्लॅटच्या आतल्या भिंती पुष्कळदा पोकळ ठोकळ्यांच्या असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. कुलूप यांत्रिक बटणांचं मिळालं तर घ्या, सेलशिवाय चालतं आणि अंधारात बोटांनी मोजून उघडता येतं. इलेक्ट्रॉनिक घेतलंत तर कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला. जन्मवर्ष नको, गाडीचा नंबर नको, दुकानाचा फोन नको, हे तिन्ही तुमच्या मुलाला पाठ आहेत. बटणं अधूनमधून पुसा, रोज दाबली जाणारी चार बटणं चकाकतात. सोबत येणारी आपत्कालीन किल्ली दुकानाच्या तिजोरीत. स्वस्त पेट्यांत आतली खिट्टी एका हलक्या स्प्रिंगवर असते आणि वरून बुक्की मारली की सुटते. घेण्यापूर्वी दुकानातच बंद करून, हँडल ओढत, वरून चांगला दणका देऊन बघा. दुकानदार नको म्हणाला तर तिथून घेऊच नका.

क्षणात उघडेल हे तुमचं म्हणणं मला कळतं. तुमच्या धंद्यात रात्रीची भीती खरी आहे. तरी रिव्हॉल्व्हर घरात रिकामं ठेवावं आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, हेच मी सांगेन. झोपेतून दचकून उठलेला माणूस अंधारात समोर कोण आहे हे ओळखत नाही. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलेला मुलगाही सावलीच दिसतो. शस्त्र काढायला लागणारा अर्धा मिनिट तुम्हाला शुद्धीवर यायला हवाच आहे.

आणि मुलाबद्दल. तो समजूतदार आहे यावर माझा विश्वास आहे. पण सोळाव्या वर्षी निकाल बिघडतो, कुणीतरी चारचौघांत अपमान करतो, मन एका संध्याकाळपुरतं काळवंडतं. अशी घडी बहुतेकदा टळून जाते. घरात उघडी बंदूक असली तर टळायला वेळच मिळत नाही. हे फक्त मुलांना लागू नाही, कर्जात बुडालेल्या, आजाराने खचलेल्या कर्त्या माणसालाही लागू आहे. तुम्हाला स्वतःलाही. घरात कुणी गप्प गप्प झालं, झोपेनासं झालं, निरवानिरवीचं बोलायला लागलं, तर पेटी किती चांगली आहे याचा विचार करत बसू नका. त्याच दिवशी शस्त्र घराबाहेर, विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. आणि त्या माणसाजवळ बसा. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. शस्त्र पुन्हा आणता येतं.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला पदक मिळवल्यापासून मुलीने ध्यास घेतला, आता ती एअर रायफल शिकते. वय चौदा. या रायफलीला परवाना लागत नाही असं कळलं. मग तिजोरीची गरज आहे का? धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे.

उत्तर : पहिल्यांदा मुलीला शाबासकी. राधानगरीतल्या कांबळवाडीचा मुलगा २०२४ मध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिकचं कांस्य घेऊन येतो, त्याआधी तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत याच जिल्ह्यातून जगभर गेल्या. तुमच्या गावच्या मुलीला दुसऱ्या कुणाचं उदाहरण द्यायची गरजच नाही.

दहा मीटरची रायफल .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरची असते आणि ठरलेल्या ताकदीच्या आत असल्याने तिला परवाना लागत नाही. पण ती खेळणं नाही. छर्रा सेकंदाला दीडशे मीटरहून जास्त वेगाने सुटतो. डोळ्याला लागला तर डोळा गेलाच. धाकटा सात वर्षांचा आहे म्हणजे कुलूप हवंच. जाड पोलादी तिजोरी नको, कुलूप लागणारी कठीण केस आणि ती केस कुलपाच्या कपाटात, एवढं बास. छर्र्यांच्या डब्या दुसऱ्या जागी. केसमध्ये ठेवतानाही नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी, असू द्या, रेंजवर तिला ती सवय लावतातच, घरी सुटू नये. रायफल घरात दाखवायला म्हणून पाहुण्यांसमोर काढायची नाही, हे तुम्ही आई-वडिलांनीच पाळायचं आहे. तिला नाही म्हणणं जड जातं.

तुमच्याकडचा पाऊस लक्षात घेता, सरावाहून आल्यावर केस लगेच बंद करून ठेवू नका. फोम भिजलेला असतो. रायफल पुसून, केस पंख्याखाली तासभर उघडी ठेवून मग कुलूप, आणि त्या तासात कुणीतरी मोठं माणूस त्याच खोलीत.

रायफलीला जोडलेल्या हवेच्या सिलिंडरकडे मात्र पालकांचं लक्ष नसतं. त्यात दोनशे बार दाब असतो, गाडीच्या टायरपेक्षा कितीतरी पट. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो राहू देऊ नका, खाली पडून पोचा आला तर भरू नका, थेट दुकानात दाखवा. सिलिंडरवर बनावटीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. स्पर्धेच्या रायफलींच्या सिलिंडरचं वय दहा वर्षं धरतात, त्यानंतर तो बदलायचा. तुम्ही वापरलेली रायफल घेणार असाल, पुष्कळ पालक तशीच घेतात आणि त्यात काही वावगं नाही, तर किमतीचं बोलण्याआधी ती तारीख वाचा.